नऊ, पाच, शून्य, एक: आयकॅनमधल्या सभासदत्वाच्या वादाचं प्रकरण

पार्श्वभूमी

डोमेन नावं आणि इंटरनेटचे आकडी पत्ते यांचा जगभरचा ताळमेळ राखणारी आयकॅन सप्टेंबर १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात ना-नफा संस्था म्हणून नोंदली गेली. पहिल्या उपविधींत संचालक मंडळाच्या १९ जागा होत्या. त्यातल्या नऊ तीन तांत्रिक-व्यावसायिक गटांच्या, प्रत्येकी तीन. एक अध्यक्षाची. उरलेल्या नऊ 'ॲट-लार्ज', म्हणजे इंटरनेट वापरणाऱ्या सर्वसामान्य माणसांच्या. या नऊ खुर्च्यांवर सुरुवातीला नेमलेले संचालक बसले होते. लोकांनी निवडलेले आले की त्यांनी उठायचं, अशी बोली होती.

या नऊ जागांचं पुढे काय झालं ते चार आकड्यांत मावतं. कागदावर नऊ होत्या, २००० साली त्यातल्या पाच निवडणुकीने भरल्या, २००२ च्या फेररचनेत एकही उरली नाही, २०१० च्या अखेरीस एक परत मिळाली. 'सभासद व्यक्ती असावी की संस्था' हा वाद या सगळ्या काळात चालू होता आणि तो तत्त्वाचा वाद म्हणूनच मांडला गेला. प्रत्यक्षात प्रत्येक वळणावर गाडी अडली ती दोन रुक्ष प्रश्नांपाशी: मतदार यादी कोण तयार करणार, आणि यादीत नाव आल्यावर कायद्याने काय हाती लागणार?

अडचण

बाकीच्या गटांकडे यादी आयती होती. डोमेन विकणाऱ्या कंपन्या करारबद्ध, म्हणून मोजता येण्याजोग्या. आयपी पत्ते वाटणाऱ्या प्रादेशिक नोंदणी संस्था तर बोटांवर मोजण्याइतक्याच. 'वापरकर्ता' मात्र कोणत्याच दप्तरात नव्हता. कोणी दाखला द्यायचा, पत्ता कोणी तपासायचा, एका माणसाने तीन नावांनी अर्ज भरला तर पकडायचं कसं, यातल्या कशाचंच उत्तर उपविधींत नव्हतं.

सहकारात वावरलेल्या मराठी वाचकाला हे लगेच ओळखीचं वाटेल. जिल्हा मध्यवर्ती बँकेत व्यक्ती सभासदही असतात आणि संस्था सभासदही. संस्थेचं मत कोणी टाकायचं हे ठरावाने ठरतं, आणि ठराव कुणाच्या नावाने झाला यावरच अर्धी निवडणूक खेळली जाते. व्यक्ती सभासदांच्या बाबतीत निवडणुकीच्या तोंडावर यादी फुगवण्याची खोड आपल्याला नवी नाही. आयकॅनला हे दोन्ही अनुभव यायचे होते, फक्त जगभराच्या मापाने.

कायद्यातला एक शब्द

या प्रकरणाची किल्ली कॅलिफोर्नियाच्या कॉर्पोरेशन संहितेच्या कलम ५०५६ मध्ये आहे. ना-नफा संस्थेचा संचालक निवडण्याचा हक्क ज्याला उपविधींनी दिला, तो त्या कायद्यापुरता 'सभासद' ठरतो. हा नुसता मान नव्हे. अशा सभासदांपैकी पाच टक्के लोक एकत्र आले तर विशेष सभा बोलावू शकतात. संस्थेच्या वतीने संचालकांवर दावा लावण्याची वाटही सभासदांना खुली असते.

आयकॅनच्या वकिलांना हीच धास्ती होती. जगातला कोणीही, फुकट आणि घरबसल्या सभासद होणार असेल, तर त्या प्रत्येकाच्या हाती कोर्टाची पायरी देणं त्यांना परवडणारं नव्हतं. म्हणून एक पायरी मध्ये घातली गेली: सभासदांनी १८ जणांची परिषद निवडायची आणि परिषदेने नऊ संचालक निवडायचे. संचालकाला मत थेट नाही, म्हणून कायद्याच्या अर्थाने सभासदही नाही. बाहेरून ही रचना लोकशाहीला घातलेली गाळणी दिसली आणि टीकाही तशीच झाली. गाळणी कशासाठी हे सरळ शब्दांत, सुरुवातीलाच सांगितलं असतं तर निम्मा संशय टळला असता.

समोरचे पर्याय

कोणालाही व्यक्तिशः सभासद करून घ्यायचं, हा पहिला पर्याय. 'लोकांचा प्रतिनिधी' हा शब्द यात सर्वांत खरा ठरतो, पण पडताळणी सर्वांत अवघड होते. फक्त संस्थांना सभासद करायचं, हा दुसरा: यादी आटोपशीर, पण संस्थेत खरंच किती माणसं आहेत आणि त्यांना विचारलं जातं का, हे कळत नाही. तिसऱ्यात ज्याच्या नावावर डोमेन असेल त्यालाच मत मिळणार. चौथा होता मिश्र, भारित मतांचा.

हा चौथा पर्याय पुढे आयकॅनच्याच दुसऱ्या कोपऱ्यात, बिगरव्यापारी हितसंबंधीयांच्या गटात, वापरला गेला: व्यक्तीला एक मत, लहान संस्थेला दोन, मोठ्या संस्थेला चार. ॲट-लार्जच्या मूळ भांडणात मात्र त्याला कधी मध्यवर्ती जागा मिळाली नाही. दोन्ही बाजूंना पूर्ण विजय हवा होता.

पहिला निर्णय: कैरो, मार्च २०००

कैरोच्या बैठकीत १८ जणांच्या परिषदेची योजना टिकली नाही. जोरदार विरोधानंतर मंडळाने थेट निवडणूक मान्य केली, पण नऊ जागांसाठी नव्हे, पाचच जागांसाठी, प्रत्येक भूप्रदेशातून एक. उरलेल्या चार जागांवर आधीचे नेमलेले संचालकच २००२ पर्यंत बसतील, आणि दरम्यान संपूर्ण ॲट-लार्ज कल्पनेचा कोऱ्या पाटीवरून अभ्यास होईल, असं पुढे ठरलं. विरोधकांनी या चौघांना खुर्च्या बळकावणारे म्हटलं.

तडजोड म्हणून हा निर्णय समजण्यासारखा आहे. त्यात एक दोष मात्र पुढे महागात पडला. निवडणूक आणि 'निवडणूक हवी का' याचा अभ्यास, दोन्ही मतदानाआधीच जाहीर झाले. निवडून येणाऱ्या पाच जणांची जागा पहिल्या दिवसापासूनच भाड्याची ठरली.

पाकिटातला पिन

आता जरा बारकाईने पाहू, कारण 'व्यक्तिगत सभासदत्व चालत नाही' हा निष्कर्ष पुढे याच तपशिलावर उभा केला गेला.

अट साधी होती: वय १६ किंवा जास्त, ईमेल आणि राहता टपाली पत्ता. फी नाही. अर्ज वेबवर भरायचा. सभासद क्रमांक आणि पासवर्ड ईमेलने येणार. त्यानंतर टपालाने एक पत्र येणार, त्यात पिन. तिन्ही गोष्टी हाताशी घेऊन पुन्हा वेबवर जायचं आणि सभासदत्व सुरू करायचं. ते सुरू झालं नाही तर मत नाही. नोंदणी ३१ जुलै २००० ला बंद झाली आणि मतदान १ ते १० ऑक्टोबरला.

अर्ज आले सुमारे १,५८,०००. अपेक्षा याच्या कितीतरी खाली होती, त्यामुळे शेवटच्या आठवड्यांत नोंदणीची यंत्रणाच गुदमरली. अनेकांना पान उघडेना. सभासदत्व सुरू केलं ७६,१८३ जणांनी, म्हणजे अर्जांच्या ४८ टक्के. मत दिलं ३४,०३५ जणांनी. सुरू झालेल्यांतले सुमारे ४५ टक्के, अर्ज केलेल्यांतला पाचांतला जेमतेम एक.

गळती कुठे झाली? सर्वांत मोठी पहिल्या आणि दुसऱ्या आकड्याच्या मध्ये, म्हणजे पाकिटात. महिनाभरापूर्वी भरलेल्या अर्जाचा पासवर्ड सांभाळून ठेवायचा, परदेशी शिक्क्याचं पाकीट जाहिरात समजून फेकायचं नाही, आणि मुदतीच्या आत पुन्हा त्या पानावर जायचं. ही तर टपाल चोख असलेल्या देशातली कथा. जिथे घरपोच टपाल नसतं आणि टपालपेटी कचेरीची किंवा नातलगाची असते, तिथे 'राहता पत्ता' या रकान्यात काय लिहायचं इथपासून प्रश्न. 'मारुतीच्या देवळामागे, पाटलांच्या वाड्यात' असा पत्ता परदेशी यंत्राने छापून किती वेळात पोचेल, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

प्रदेशवार मतं अशी: आशिया-पॅसिफिक १७,७४५, युरोप ११,३०९, उत्तर अमेरिका ३,४४९, लॅटिन अमेरिका व कॅरिबियन १,४०२, आफ्रिका १३०. एका अख्ख्या खंडाचा संचालक १३० मतांच्या निवडणुकीत ठरला. दुसऱ्या टोकाला, आशियात राष्ट्रीय पातळीवर नोंदणीच्या मोहिमा चालल्या, आणि युरोपच्या यादीत जर्मन मतदारांचा भरणा मोठा होता. यात बेकायदा काही नव्हतं. पण मतदार कोण हे शेवटी कोणी किती नेटाने नावं नोंदवली यावर ठरलं.

आणखी एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. पिनच्या पत्राने माणूस तपासला जात नव्हता. त्या पत्त्यावरचं टपाल कोणीतरी उचलतं, एवढंच त्यातून कळत होतं. एका पत्त्यावर पाच नावांची पाच पाकिटं आली तर ती पाच माणसं की एक, याला त्यात उत्तर नव्हतं. खर्च पडताळणीचा झाला आणि हाती लागला टपालसेवेचा नकाशा.

निकालही मंडळाला गैरसोयीचे होते. युरोपातून हॅकरांच्या एका नामांकित जर्मन क्लबचा प्रवक्ता अँडी म्युलर-मागून आला, उत्तर अमेरिकेतून आयकॅनचा जुना टीकाकार कार्ल ऑरबाक. ऑरबाकने संचालक या नात्याने संस्थेची दप्तरं पाहायला मागितली. गोपनीयतेच्या अटी मान्य कराव्या लागतील असं व्यवस्थापनाने म्हटलं. मार्च २००२ मध्ये त्याने दावा लावला आणि जुलैमध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. एकट्या संचालकाला कोर्टात एवढं मिळतं, तर हजारो कायदेशीर सभासदांचं काय, ही भीती यानंतर कमी होणार नव्हतीच.

दुसरा निर्णय: डोमेनची अट

कोऱ्या पाटीवरच्या अभ्यासासाठी २००१ च्या सुरुवातीला समिती नेमली गेली. अध्यक्ष होते स्वीडनचे माजी पंतप्रधान कार्ल बिल्ट. त्या नोव्हेंबरच्या अंतिम अहवालात समितीने मधली वाट सुचवली: सभासद व्यक्तीच, पण जिच्या नावावर डोमेन आहे ती. नऊऐवजी सहा जागा. खर्च भागवण्यासाठी सभासद फी.

तांत्रिकदृष्ट्या हा या प्रकरणातला सर्वांत विचारपूर्वक प्रस्ताव होता, कारण त्याने यादीच्या प्रश्नाला हात घातला. डोमेनची नोंद आधीच कोणाच्या तरी दप्तरात असते, तिला संपर्क पत्ता असतो, आणि तिच्यासाठी कोणीतरी पैसे भरलेले असतात. नवं पाकीट छापायची गरज नाही.

अडचणीही त्याच दप्तरात होत्या. नोंदणीच्या पत्त्यात खोटी माहिती भरणं सर्रास चालायचं. कंपनीच्या नावावरच्या डोमेनचं मत मालकाचं, संगणक विभागाच्या माणसाचं की कोणाचंच नाही? शंभर डोमेन असलेल्याला एकच मत हे ठीक, पण ती शंभर वेगवेगळ्या नावांनी असतील तर? आणि ज्या देशांत लोक सायबर कॅफेत बसून फुकटची ईमेल वापरत होते, तिथला वापरकर्ता सरळ बाहेर. शिक्षणतज्ज्ञ आणि स्वयंसेवी संस्थांच्या एका समांतर अभ्यासगटाने नऊ जागा आणि खुलं सभासदत्वच कायम ठेवा असं सांगितलं होतं. म्हणजे सुधारणेच्या बाजूचे लोकच दोन छावण्यांत विभागले गेले, आणि त्याचा फायदा ज्यांना निवडणूकच नको होती त्यांना झाला. त्या नोव्हेंबरची वार्षिक बैठक, अमेरिकेवरच्या सप्टेंबरमधल्या हल्ल्यांनंतर, सुरक्षेच्या विषयालाच दिली गेली होती. सभासदत्वाला वाली उरला नव्हता.

तिसरा निर्णय: व्यक्ती बाहेर, संस्था आत

फेब्रुवारी २००२ मध्ये आयकॅनचे अध्यक्ष स्टुअर्ट लिन यांनी फेररचनेचं टिपण मांडलं आणि जागतिक ऑनलाइन निवडणूक अव्यवहार्य ठरवली. संचालकांपैकी पाच सरकारांनी सुचवावेत अशी त्यांची कल्पना होती, ती गळाली. मार्चमध्ये अक्रा, जूनमध्ये बुखारेस्ट, ऑक्टोबरमध्ये शांघाय अशा बैठकांतून नवी रचना पक्की झाली आणि डिसेंबर २००२ पासून नवे उपविधी लागू झाले. १५ मतदार संचालक: आठ नामांकन समितीकडून, सहा तीन गटांकडून, एक अध्यक्ष. ॲट-लार्जला मताची खुर्ची नाही. त्याऐवजी सल्लागार समिती, मंडळावर मताविना बसणारा एक दूत, आणि नामांकन समितीत पाच प्रतिनिधी.

खालची बांधणी संस्थांची झाली. वापरकर्त्यांच्या स्थानिक संघटनांना 'ॲट-लार्ज घटक' म्हणून मान्यता, घटकांची मिळून पाच प्रादेशिक संघटना, त्यांच्याकडून सल्लागार समितीवर प्रत्येकी दोन, आणि नामांकन समितीकडून पाच. एकूण १५. मान्यतेच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. संघटनेच्या कामकाजात त्या प्रदेशातल्या व्यक्तिगत वापरकर्त्यांचं वर्चस्व असलं पाहिजे, तिने आपला खर्च आपण भागवला पाहिजे, उद्दिष्टं आणि पदाधिकारी यांची माहिती वेबवर उघड ठेवली पाहिजे.

पहिल्या अटीकडे पुन्हा पाहा. व्यक्ती मोजणं जमत नाही म्हणून संस्था घेतल्या, आणि संस्थेच्या पोटात व्यक्तीच आहेत ना हे तपासण्याची जबाबदारी पुन्हा आयकॅनकडेच आली. फक्त आता मोजणी संस्थेच्या दाराआड होणार होती. पाचशे क्रियाशील सभासदांची संघटना आणि लेटरहेडवर चालणारी तीन माणसांची संघटना, दोघींचं मान्यतापत्र सारखंच.

निष्पत्ती

प्रादेशिक संघटना उभ्या राहायला चार-पाच वर्षं लागली: पहिली लॅटिन अमेरिकेची, डिसेंबर २००६ मध्ये, शेवटची उत्तर अमेरिकेची, २००७ च्या मध्याला. या शेवटच्या संघटनेने सुरुवातीपासूनच दार थोडं किलकिलं ठेवलं: कोणत्याही घटक संस्थेत नसलेली व्यक्ती थेट सभासद होऊ शकते, पण अशा सगळ्या व्यक्तींचं मिळून मत एकच, एका संस्थेइतकं. इतर प्रदेशांनीही पुढे आपापल्या तऱ्हेने व्यक्तींना जागा करून दिली.

मताची खुर्ची डिसेंबर २०१० मध्ये परत आली, एक. तिचे मतदार २०: सल्लागार समितीचे १५ आणि पाच प्रादेशिक अध्यक्ष. दहा वर्षांपूर्वीच्या ३४,०३५ शी तुलना करण्याचा मोह टाळलेला बरा. मात्र १३० मतांना हसणाऱ्यांनी हा आकडाही ध्यानात ठेवावा.

२०१५ मध्ये आयकॅनवरची अमेरिकी सरकारची देखरेख संपवण्याची तयारी चालू असताना तोच जुना शब्द परत आला. त्यासाठीच्या कार्यगटाने सगळ्या समुदायाचा, म्हणजे आयकॅनमधल्या गटांचा आणि समित्यांचा, मिळून 'एकच सभासद' असावा असं सुचवलं. मंडळाने हरकत घेतली, कारण तेच: कायद्यातल्या सभासदाचे हक्क. शेवटी समुदायाला 'सभासद' न म्हणता संचालकांची नेमणूक करण्याचा आणि त्यांना काढण्याचा हक्क असलेला 'नियुक्तिकर्ता' केलं गेलं. नव्या व्यवस्थेतली पहिली बैठक नोव्हेंबर २०१६ मध्ये हैदराबादला झाली.

२०१७ च्या स्वतंत्र परीक्षणाने काटा पुन्हा दुसऱ्या टोकाला नेला. घटक संस्थांचा पाया काढून व्यक्तींना थेट सभासद करा, आणि ॲट-लार्जचा संचालक छाननी झालेल्या उमेदवारांतून चिठ्ठी टाकून निवडा, अशी शिफारस आली. सल्लागार समितीने दोन्हींना विरोध केला. विरोधात हितसंबंध होता हे उघड, पण एक मुद्दा रास्त होता: थेट व्यक्तींचं सभासदत्व म्हणजे वेळ आणि इंग्रजी ज्यांच्याकडे आहे अशा मूठभरांचं राज्य होऊ शकतं. संस्था निदान आपल्या गावात, आपल्या भाषेत बैठक तरी घेते. संस्थांचं जाळं राहिलं, व्यक्तींना सामावण्याचे मार्ग रुंद करायचे असं ठरलं.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठी चूक क्रमाची. आधी जागा जाहीर झाल्या, मग निवडणूक, मग यादी, आणि सभासदाचे हक्क शेवटपर्यंत अर्धवट. नोंदणीच्या पानावरच तीन ओळींत लिहिता आलं असतं की तुम्हाला मत आहे, दप्तर पाहण्याचा हक्क इतकाच आहे, दावा लावण्याचा नाही. मग ज्याला पटेल तो येईल.

एका प्रदेशात किमान किती मतदार झाले तर निवडणूक वैध, हा आकडा प्रत्येक प्रदेशासाठी आधी ठरायला हवा होता. तो नसल्याने १३० मतांची निवडणूक धरली गेली आणि तिचाच दाखला देऊन पुढे सगळी पद्धत मोडीत काढली गेली. किमान संख्या गाठली नाही तर त्या जागेपुरती नोंदणी सहा महिने वाढवणं शक्य होतं, मग बाकीच्या चार निवडणुकांना त्याचा बट्टा लागला नसता. एकाच देशाचे मतदार यादीत फार झाले तर काय, याचीही तरतूद हवी होती. उमेदवाराच्या अर्जाला ती होती: सभासदांकडून आलेल्या नावाला प्रदेशातल्या किमान दोन टक्के सभासदांचा पाठिंबा लागे, आणि तोही एकाहून अधिक देशांतून. मतमोजणीला तसं काहीच नव्हतं.

संस्थांच्या रचनेतही दुरुस्तीला जागा आहे, आणि ती आज आपल्याकडे अशी मिश्र सभासदत्वाची घटना लिहिणाऱ्यांना थेट उपयोगी पडेल. संस्थेचं मत कोण टाकणार हे दर वर्षी ठरावाने लेखी मागवावं, आणि ठराव ज्या सभेत झाला तिची उपस्थिती सोबत मागावी. हजेरीचा आकडा लिहावा लागला की लेटरहेडवरच्या संस्था आपोआप गप्प होतात. व्यक्ती सभासद कोणत्याही सभासद संस्थेचा पदाधिकारी नाही, असं स्वयंघोषणापत्र घ्यावं, नाहीतर एकच माणूस दोन दारांनी मतदान करतो. व्यक्तींना मिळून एकच मत द्यायचं असेल तर व्यक्ती वाढल्या की ते मत किती वाढेल याचं कोष्टकही त्याच दिवशी लिहून टाकावं. दहा जण असताना हे कोणाला खुपत नाही, हजार झाल्यावर बदलायला कोणी तयार नसतं. आणि लागोपाठ दोन निवडणुकांत मतही नाही, पत्राला उत्तरही नाही, अशा सभासदाचं नाव, मग तो व्यक्ती असो की संस्था, नोटीस देऊन गणपूर्तीच्या हिशोबातून काढावं. सभासद म्हणून तो खुशाल राहू दे.